कालवडीचा व्हिडिओ आणि लेवीयचं पुस्तक

सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमधून पाच तांबड्या कालवडी विमानाने इस्राएलला गेल्या. तेव्हापासून मराठी ख्रिस्ती घरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच व्हिडिओ अधूनमधून नव्या मथळ्यासह येतो: यरुशलेमचं मंदिर पुन्हा उभं राहणार, बलिदानं सुरू होणार, शेवट जवळ आला. मागे ढोल, पुढे धापा टाकत बोलणारा निवेदक. आमच्या मंडळीतल्या एका आजींनी तो पाहून मला विचारलं, "अरे, येशूने सगळं पुरं केलं ना? मग आता या कालवडीचं काय?"

आजींचा प्रश्न व्हिडिओपेक्षा बरा आहे. पण उत्तरासाठी बायबलच्या त्या पुस्तकात शिरावं लागतं जिथे बहुतेकांचं वाचन बसकण मारतं. जानेवारीत 'वर्षात बायबल' वाचायचा नेम धरलेली माणसं उत्पत्ती भराभर वाचतात, निर्गममध्ये तांबडा समुद्र ओलांडतात आणि लेवीयमध्ये मेंढ्याची चरबी, गुरदे आणि काळजावरचा पडदा यांच्यात रुतून बसतात.

## 'बळी' म्हटलं की घोटाळा होतो

मराठीत 'बळी' हा शब्द ऐकला की अपघाताची बातमी आठवते, नाहीतर कोपलेल्या देवतेपुढचा बोकड. कुणीतरी रागावलंय, त्याला रक्त देऊन थंड करायचं. ही समजूत मनात धरून लेवीय उघडलं की अख्खं पुस्तक चुकीच्या चालीवर म्हटल्यासारखं होतं.

अर्पणासाठी हिब्रूत सर्वसाधारण शब्द आहे 'कोर्बान'. त्याचा मूळ धातू 'जवळ येणं' या अर्थाचा. आपल्या कानावरचा 'कुर्बानी' त्याच धातूतून अरबी-फारसीच्या वाटेने आलेला. थोरामोठ्यांकडे रिकाम्या हाताने जाऊ नये असं आपल्याकडे सांगतात ना, कोर्बान म्हणजे देवाकडे जाताना हातात असायची ती वस्तू. आधी रानातल्या निवासमंडपात आणि पुढे यरुशलेमच्या मंदिरात लोक ती घेऊन जात. तिथली सेवा वंशपरंपरेने करणारा तो याजक.

लेवीयच्या पहिल्या सात अध्यायांत अशी पाच अर्पणं आहेत. होमबलीत सगळा प्राणी वेदीवर जळतो, कातडं तेवढं याजकाला मिळतं. अन्नबलीत पीठ, तेल आणि ऊद. मीठ हवंच, खमीर आणि मध मात्र वेदीवर चालत नाही. या दोघांना इथेच सोडतो. लोक अडखळतात ते शांत्यर्पण, पापबली आणि दोषबली यांच्यापाशी, आणि सांगण्यासारखंही तिथेच जास्त आहे.

## उद्यासाठी ठेवायचं नाही

शांत्यर्पण म्हणजे सरळ जेवण. चरबी वेदीवर, ऊर आणि उजवी मांडी याजकांच्या वाट्याला, बाकीचं मटण प्राणी आणणाऱ्याचं. अट मात्र भारी आहे. देवाचे उपकार मानण्यासाठी अर्पण केलं असेल तर मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही उरवायचं नाही. नवसाचं किंवा राजीखुशीचं असेल तर दुसरा दिवस चालेल. तिसऱ्या दिवशी उरलेलं जाळून टाकायचं.

आता हिशोब करा. एक बोकड, घरात सहा माणसं, एक दिवस. संपणार कसं? गावच्या जत्रेला ज्यांच्या दारात बोकड पडतं त्यांना ते ठाऊक आहे. पाव्हणे बोलवावे लागतात, पलीकडच्या आळीत पातेलं धाडावं लागतं, वर्षभर ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याही ताटात रस्सा पडतो. 'वाटून खा' असा उपदेश या नियमात कुठेच नाही. उरवायची सोयच काढून घेतली आहे! नियम करणाऱ्याला माणसाचा स्वभाव पुरता माहीत असावा.

पौल करिंथच्या मंडळीला प्रभुभोजनाबद्दल लिहितो तेव्हा इस्राएल लोकांच्या याच जेवणाचा दाखला देतो: अर्पणातलं खाणारे वेदीचे भागीदार असतात. आणि लगेच पुढच्या अध्यायात तो चिडलेला दिसतो, कारण त्या मंडळीत काही जण आधीच खाऊन पिऊन तर्र होत आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. त्याचा राग शांत्यर्पणाचा हा नियम ठाऊक असेल तर नीट कळतो. देवाच्या मेजावरचं एकट्याने संपवायचं नसतं.

## विहीर उपसण्याचा दिवस

पापबलीबद्दल बहुतेकांच्या मनात एकच चित्र असतं: माणसाने पाप केलं, शिक्षा प्राण्याला झाली. ते अगदीच चूक नाही. अर्पण करणारा प्राण्याच्या डोक्यावर हात ठेवतो, तेव्हा दोघांत काहीतरी नातं जुळतं. पण रक्त कुठे जातं ते पाहा. पाप करणाऱ्याच्या अंगाला ते कधीच लागत नाही. ते वेदीच्या शिंगांना, म्हणजे तिच्या चार उंच कोपऱ्यांना लावतात. जेकब मिलग्रोम या अभ्यासकाने याच गोष्टीवर बोट ठेवून म्हटलं की पापबली मुळात धुण्याचं काम करतो, आणि धुतली जाते ती जागा.

जागा कशाने मळते? गावची विहीर डोळ्यांपुढे आणा. घाण एकाने टाकली तरी पाणी सगळ्यांनाच प्यायचं असतं. टाकणारा शुद्ध मनाने म्हणेल, मला कुठे माहीत होतं. पाणी नासायचं ते नासतंच. इस्राएल लोकांच्या समजुतीनुसार पापाचा मळ असाच देवाच्या वस्तीवर साचत जातो, आणि फारच साचला तर देव तिथे राहत नाही. म्हणून लहानसहान मळ वेळच्या वेळी काढायचा आणि वर्षातून एकदा सगळी विहीर उपसायची. तो दिवस म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, सातव्या महिन्याचा दहावा.

त्या दिवशी प्रमुख याजक एकटा परमपवित्र स्थानात जाई. वर्षात त्याच एका दिवशी. लोकांच्या वतीने दोन बकरे आणलेले असत आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचं काम ठरे. एकाला कापून त्याच्या रक्ताने मंदिर शुद्ध करत. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून याजक सगळ्या लोकांची पापं कबूल करी आणि त्या बकऱ्याला 'अजाजेल'साठी (या शब्दाचा नेमका अर्थ कुणालाच पक्का माहीत नाही) रानात सोडून देत. आपण मराठीत ज्याच्यावर दुसऱ्यांचा दोष ढकलतात त्याला 'बळीचा बकरा' म्हणतो, पण लेवीयच्या मजकुरात दोष वाहणारा बकरा वेगळा आणि कापला जाणारा वेगळा. (पुढे मंदिराच्या शेवटच्या काळात दुसऱ्यालाही कड्यावरून ढकलत, असं यहुदी परंपरेची मिश्ना सांगते. म्हणजे त्याचीही सुटका काही झाली नाही.)

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "पण रक्ताशिवाय क्षमा नाहीच ना?" इब्री लोकांच्या पत्रातलं ते वाक्य पूर्ण वाचलं तर त्यात 'बहुतेक सर्व' असा शब्दप्रयोग सापडतो. तो उगाच नाही. लेवीयच्या पाचव्या अध्यायात ऐपतीप्रमाणे पायऱ्या आहेत: शेळी-मेंढी परवडत नसेल तर दोन पारवे, तेही परवडत नसतील तर एफा या धान्याच्या मापाचा दहावा भाग सपीठ. सव्वादोन लिटरचं माप भरेल एवढं. रक्ताचा थेंब नाही, तरी 'त्याला क्षमा होईल' हे शब्द तेच. बाळंतपणानंतरच्या अर्पणालाही अशीच सवलत होती, आणि लूक नोंदवतो की बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा मरीया आणि योसेफ यांनी पक्ष्यांची जोडी दिली. गरिबांचा दर.

आणखी एक मर्यादा होती. पापबली मुख्यतः नकळत झालेल्या चुकांसाठी. देवाला तोंडावर धुडकावून, जाणूनबुजून केलेल्या पापाला गणना या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात बकरा पुरत नाही. एक्कावन्नाव्या स्तोत्रात व्यभिचार आणि खून यांच्यानंतरचा दावीद म्हणूनच बलीची भाषा सोडतो आणि भग्न हृदय पुढे करतो.

## आधी मुद्दल, वर पाचवा हिस्सा

आता दोषबली. समजा, शेजाऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू तुम्ही लाटली, किंवा सापडलेली वस्तू 'मी पाहिलीच नाही' अशी शपथ घेऊन दाबली. मग मन खाऊ लागलं. लेवीयचा क्रम असा: आधी मुद्दल परत, त्यावर पाचवा हिस्सा जास्त, आणि हे सगळं मालकाच्या हातात. मग मेंढा घेऊन याजकाकडे. दहा हजार दाबले असतील तर बारा हजार मोजायचे, मेंढ्याचा खर्च वेगळा.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. ऐकणाऱ्या यहुद्यांना यात नवं फारसं वाटलं नसेल. दोषबलीची रीतच ती. जक्कय जकातदार तर एक पाऊल पुढे गेला. पाचवा हिस्सा सोडाच, चौपट परत करीन म्हणाला. त्या घराला तारण मिळाल्याचं येशूने त्यानंतर सांगितलं.

आमच्या संजीवन सभांत साक्ष देताना माणसं हुंदके देऊन रडतात, आणि ते रडणं खोटं नसतं. पण भावाचा बांध कोरलेली जमीन परत केल्याची साक्ष मी फार क्वचित ऐकली आहे. ख्रिस्ताने दोषबली पुरा केला हे आपण छातीठोकपणे सांगतो, यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातल्या दुःखी सेवकाला हाच शब्द लावला आहे हेही खरं. मेंढ्याचा भाग त्याने भागवला. शेजाऱ्याचे बारा हजार मात्र कुठल्याच पत्रात माफ केलेले दिसत नाहीत.

## विटाळ म्हणजे पाप नव्हे

कालवडीकडे येतो. गणनाच्या एकोणिसाव्या अध्यायातली ही रीत मंदिरातली नाहीच. निर्दोष, कधी जू न वाहिलेली तांबडी कालवड छावणीबाहेर नेऊन जाळायची, त्या आगीत गंधसरूचं लाकूड, एजोब नावाची वनस्पती आणि किरमिजी सूत टाकायचं, आणि राख साठवून ठेवायची. प्रेताला हात लागलेल्यावर ती राख मिसळलेलं पाणी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी शिंपडायचं. सुतक ज्यांना माहीत आहे त्यांना हे फार परकं वाटणार नाही.

प्रेताला हात लावणं हे पाप नव्हतं. आई-बाप गेले तर त्यांना उचलावंच लागतं. विटाळ म्हणजे मृत्यूच्या जवळ गेल्याची खूण, आणि ती खूण घेऊन जीवन देणाऱ्या देवाच्या घरात लगेच शिरायचं नाही, एवढंच. 'विटाळ' हा शब्द आपल्याकडे कुठल्या जखमा घेऊन येतो हे मराठी ख्रिस्ती माणसाला वेगळं सांगायला नको; आमच्यातल्या कितीतरी घरांच्या आज्या-पणज्यांना पाणवठ्यावरून हाकललेलं आहे. म्हणून हे ठळकपणे सांगतो: लेवीय-गणनामधला विटाळ कुणाला जन्माने चिकटत नाही. तो याजकालाही होतो, राजालाही होतो. ठरलेल्या विधीने आणि ठरलेल्या दिवसांनी उतरतो. कालवड जाळणारा माणूस स्वतःच संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहतो.

इब्री लोकांच्या पत्रात कालवडीची राख एकदा येते. राखेने शरीर शुद्ध होत असेल तर ख्रिस्ताचं रक्त विवेकभाव किती अधिक शुद्ध करील, असा तिथला युक्तिवाद आहे. नव्या करारात कुठेही पुन्हा कालवड शोधायला सांगितलेलं नाही. व्हिडिओतल्या कालवडींभोवती जे चाललंय त्यात यहुद्यांमधल्या एका छोट्या गटाची श्रद्धा आहे, आणि ज्या टेकडीवर आज मुसलमानांची 'डोम ऑफ द रॉक' ही घुमटाची वास्तू आणि अल-अक्सा मशीद उभी आहे तिचं जळतं राजकारण आहे. प्रार्थना करायचीच तर त्या टेकडीभोवती राहणाऱ्या माणसांसाठी करावी.

## चंद्रावर चालणारं पंचांग

सणांचं प्रकरण समजायला मराठी माणसाला निम्मं शिकवावंच लागत नाही. इस्राएल लोकांचे महिने चंद्रावर, ऋतू सूर्यावर. दोघांचा मेळ बसावा म्हणून अधिक महिना, आजच्या यहुदी पंचांगात १९ वर्षांत ७. वल्हांडणाची रात्र त्यामुळे पौर्णिमेच्या सुमारास येते. ईस्टर दरवर्षी सरकतो त्याचंही मूळ इथेच आहे: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार.

लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात वर्षाची सगळी यादी आहे. वल्हांडण आणि बेखमीर भाकरीचा सण म्हणजे मिसरातून सुटकेची आठवण. त्याच दिवसांत जवाची पहिली पेंढी देवापुढे ओवाळायची. तिथून पन्नासाव्या दिवशी गव्हाचा हंगाम, दोन खमीर घातलेल्या भाकरी. शरद ऋतूत कर्णे वाजवण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस, आणि सगळं पीक घरात आल्यावर सात दिवस फांद्यांच्या मांडवात राहायचं, का तर पूर्वज रानात तसे राहिले होते. धान्याची कोठारं भरलेली असताना माणसाने मुद्दाम झोपडीत झोपायचं.

ख्रिस्ती लोक यातल्या काही सणांत येशूला पाहतात आणि त्याला नव्या करारात आधार आहे. पौल ख्रिस्ताला आपला वल्हांडणाचा कोकरा म्हणतो, पुनरुत्थानाला पहिलं पीक म्हणतो. पवित्र आत्मा उतरला तो पन्नासाव्या दिवशी. मांडवांच्या सणात शिलोहच्या तळ्यातून पाणी आणून वेदीवर ओतत, आणि योहान सांगतो की त्याच सणाच्या शेवटच्या दिवशी येशू उभा राहून मोठ्याने म्हणाला, तहानलेल्याने माझ्याकडे यावं. पुढे जाऊन काही उपदेशक कर्ण्यांचा सण म्हणजे दुसरं आगमन, मांडव म्हणजे हजार वर्षांचं राज्य असा तक्ता पूर्ण करतात. फळ्यावर तो छान दिसतो. पण तिथून पुढे आधार विरळ आणि अंदाज दाट होत जातो.

## मग रद्द झालं की पुरं झालं?

इब्री लोकांचं पत्र नियमशास्त्राला येणाऱ्या गोष्टींची छाया म्हणतं. घराच्या नकाशाचं उदाहरण घेऊ. घर बांधून झालं की कुणी नकाशावर सतरंजी अंथरून झोपत नाही. पण नकाशा रद्दीतही टाकत नाही. भिंतीत ओल दिसली की तोच काढून पाइप कुठून गेलाय ते पाहतात. ख्रिस्ती माणूस मंदिरात मेंढा नेत नाही, पण क्रूस म्हणजे काय हे कळायला होमबली, पापबली, दोषबली आणि वल्हांडण हे चारही शब्द लागतात. 'देवाला राग आला होता' या एका वाक्यात त्यांची बोळवण होत नाही.

पहिल्या ख्रिस्ती पिढीने या रीतीचा तिरस्कार केल्याचंही दिसत नाही. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेम गाठायची पौलाला घाई होती, आणि तिथे पोचल्यावर तो शुद्धीकरणाच्या विधीतही सामील झाला. मंदिर पडलं ते इ.स. ७० मध्ये, तीत या रोमी सेनापतीच्या सैन्याच्या हातून. त्यानंतर यहुद्यांपुढेही तोच प्रश्न होता, आणि रब्बींनी होशेयचा आधार घेऊन दया, प्रार्थना आणि शास्त्राभ्यास यांना अर्पणाची जागा दिली. ते आमच्यासारखं उत्तर देत नाहीत. त्यांचं उत्तर त्यांच्याजवळ पूर्ण आहे. शोमरोनी लोकांचा छोटासा समाज तर गरिज्जीम डोंगरावर आजही दर वल्हांडणाला कोकरं कापतो.

## शोफार फुंकायचा का?

अलीकडे काही मंडळ्यांत मेंढ्याच्या शिंगाचं रणवाद्य, शोफार, वाजतं. खांद्यावर यहुदी प्रार्थनेची शाल येते, पवित्र आठवड्यात 'सेदेर'चं, म्हणजे यहुद्यांच्या वल्हांडणाच्या रात्रीचं जेवण होतं. पाळणं चुकीचं का? प्रेषितांच्या कृत्यांतल्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर हे ओझं घातलं नाही. रोमकरांना पौल सांगतो, कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे सारखे. ज्याची त्याची खात्री असावी. म्हणजे सक्ती नाही, बंदीही नाही.

माझं मत विचाराल तर, दुसऱ्याच्या घरचा सण नाटकासारखा करू नये. आजचा सेदेर बराचसा मंदिर पडल्यानंतर आकाराला आला, येशूच्या शेवटच्या भोजनाची ती हुबेहूब प्रत नाही. आणि ज्यांना हे सण खरंच पाहायचे आहेत त्यांना यूट्यूबची गरज काय? कोकणात बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, शतकानुशतकं राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. नव्या वर्षाला ते 'नव्याचा सण' म्हणत. प्रायश्चित्ताच्या दिवसाला, उपास करून पांढऱ्या कपड्यांत दारं लावून घरी बसत म्हणून, 'दारफळणीचा सण'. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्रीचं पुस्तक, हग्गादा, मराठी भाषांतरासह छापलं गेलं. त्यातल्या चित्रांत बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या बायका साडीत आहेत. एखाद्या बेने इस्राएल कुटुंबाने बोलावलं तर जरूर जावं, आणि पाहुण्यासारखं बसावं.

शिवाय आपल्याकडे पहिल्या पेंढीला धागा जोडणाऱ्या रीती आहेतच. गोव्यात सासष्टीतल्या राय गावी ५ ऑगस्टला कणसांच्या फेस्ताला भाताची नवी कणसं चर्चमध्ये येतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी मंडळ्यांत पिकाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी भोपळे, ज्वारीची कणसं, अंडी आणि पाय बांधलेल्या कोंबड्या वेदीपुढे मांडतात, उपासनेनंतर लिलाव होतो आणि वीस रुपयांचा भोपळा पाचशेला जातो. कोंबडी सुटून पळाली तर उपासना दोन मिनिटं थांबते.

## पंचांगाच्या मधोमध एक शेत

तेविसाव्या अध्यायात एक ओळ अशी आहे की ती तिथे का आली हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. पन्नासाव्या दिवसाचा सण सांगून झालाय, कर्ण्यांचा सण सांगायचाय, आणि मध्येच बाविसावं वचन येतं: कापणी करताना शेताच्या कडा पूर्ण कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. एकोणिसाव्या अध्यायात हा नियम आधीच येऊन गेला होता. इथे ना अर्पणाचा विषय, ना तारखेचा.

यहुदी सभास्थानांत पन्नासाव्या दिवसाच्या सणालाच रूथचं पुस्तक वाचतात. परदेशी विधवा, बवाजाच्या शेताच्या कडेला पडलेलं वेचणारी. संध्याकाळी तिने झोडून पाहिलं तर सुमारे एक एफा जव भरला. त्याच्या दहाव्या भागात एका गरिबाचा पापबली होत असे, आणि ती तो घेऊन सासूकडे घरी गेली.